गुंडाला आई नसते : ‘होकुतो नो केन’ आणि हिंसेचे वजन

हिंसक कलाकृतीविषयी बोलण्याची वेळ आली की आपली समीक्षा दोन सोप्या उद्योगांपैकी एकाला लागते. पहिला उद्योग रक्त मोजण्याचा. किती माणसे मेली, किती उघडपणे मेली, ती मुलांनी पाहिली की नाही, याचा हिशेब मांडायचा आणि निकाल देऊन मोकळे व्हायचे. दुसरा उद्योग त्याच रक्तावर उदात्त हेतूची शाल पांघरण्याचा. ‘ही हिंसा वस्तुतः हिंसाविरोधी आहे’ हे वाक्य परिसंवादांतून इतक्या वेळा ऐकू येते की आता तो युक्तिवाद राहिलेला नसून शिष्टाचार झाला आहे. या दोन्ही उद्योगांना आमचा विरोध आहे. तो अमूर्त पातळीवर न मांडता ज्या कलाकृतीवर हे दोन्ही प्रयोग मुबलक झाले, त्या एका जपानी चित्रकथेच्या आणि तिच्या ॲनिमेशन रूपांतरांच्या आधारे मांडावा, असा या लेखाचा बेत आहे.

कलाकृती आहे ‘होकुतो नो केन’. लेखक बुरोन्सोन, चित्रकार तेत्सुओ हारा. ‘शुकान शोनेन जम्प’ या कुमारांसाठीच्या साप्ताहिकात १९८३ ते १९८८ या काळात ती क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुस्तकरूपात तिचे २७ खंड झाले. इंग्रजी नावामुळे आपल्याकडे ती ध्रुवताऱ्याची मूठ म्हणून ओळखली जाते. मुळात ‘होकुतो’ म्हणजे आपले सप्तर्षी. विसाव्या शतकाच्या अखेरीस अणुयुद्ध होते, समुद्र आटतात, जमीन फाटते. उरलेल्या वाळवंटात मोटारसायकलींवरून टोळ्या हिंडतात आणि पाण्यासाठी, धान्यासाठी गावे लुटतात. ‘मॅड मॅक्स’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटमालिकेचे आणि ब्रूस लीच्या प्रतिमेचे ऋण येथे उघड आहे. या वाळवंटातून केन्शिरो नावाचा एक भटक्या चालतो. त्याच्या छातीवर सप्तर्षींच्या आकाराचे सात व्रण आहेत आणि शरीरातील मर्मस्थानांवर आघात करून माणूस आतून फोडण्याची विद्या त्याला अवगत आहे. बोट टेकते, काही क्षण जातात, आणि डोके फुगून फुटते. असे शेकडो वेळा घडते.

रक्त मोजणाऱ्यांचा आक्षेप यावर सरळ आहे : कुमारांच्या नियतकालिकात फुटणारी डोकी कशाला? आक्षेप समजण्यासारखा आहे, परंतु तो टिकत नाही. का टिकत नाही, हे त्याच साप्ताहिकाच्या इतिहासात दिसते. याच ‘शोनेन जम्प’मध्ये बरोबर दहा वर्षे आधी, १९७३ साली, केजी नाकाझावा यांची ‘हादाशी नो गेन’ ही चित्रकथा सुरू झाली होती. नाकाझावा स्वतः वयाच्या सहाव्या वर्षी हिरोशिमाच्या बाँबमधून वाचलेले. वडील, बहीण आणि भाऊ त्यांनी त्यात गमावले. तिच्यावर आधारलेला, मोरी मासाकी यांनी दिग्दर्शित केलेला ॲनिमेशनपट १९८३ साली आला, म्हणजे ज्या वर्षी केन्शिरो अवतरला त्याच वर्षी. त्यातील स्फोटाचा प्रसंग ज्याने पाहिला आहे तो विसरू शकत नाही. त्वचा वितळते, डोळे खोबणीतून ओघळतात, हाडे उघडी पडतात. शारीर तपशिलाच्या दृष्टीने हा प्रसंग ‘होकुतो’च्या कोणत्याही पानापेक्षा सौम्य नाही. रक्त हेच माप मानले तर दोन्ही कलाकृती एकाच तागडीत घालाव्या लागतील. तशा त्या घालता येत नाहीत, हे कोणत्याही शुद्धीवरच्या वाचकाला कळते. ज्या मापाने हा भेद दिसत नाही ते माप फेकून द्यावे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ‘होकुतो’चे समर्थक सांगतात की केन्शिरो केवळ मारणारा नाही, तो रडणारा नायक आहे. तो दुर्बलांसाठी उभा राहतो आणि पराभूत शत्रूच्या दुःखाशीही समरस होतो. म्हणून या कथेचा अंगी रस वीर किंवा रौद्र नसून करुण आहे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. कथेच्या आरंभीच मिसुमी नावाचा एक म्हातारा भेटतो. उपासमारीच्या त्या जगात तो भाताचे बियाणे घेऊन आपल्या गावाकडे निघाला आहे. ते शिजवून खाल्ले तर आजची भूक भागेल. पेरले तर पुढच्या वर्षी अन्नासाठी कोणाला कोणाचा जीव घ्यावा लागणार नाही, एवढाच त्याचा हिशेब. टोळीवाले त्याला मारतात. केन्शिरो त्यांचा निकाल लावतो आणि म्हाताऱ्याच्या थडग्यावरच ते बी पेरतो. या रेताड जमिनीत काही उगवायचे नाही, असे सोबतचा पोरगा म्हणतो. उगवेल, कारण खाली तो म्हातारा झोपला आहे, अशा आशयाचे उत्तर नायक देतो. संपूर्ण मालिकेत याहून मोठा क्षण नाही.

दुसरा प्रसंग रेईचा. राओ हा या कथेतील महापराक्रमी प्रतिनायक. तो रेईवर असा आघात करतो की त्याला तीन दिवसांचेच आयुष्य उरावे. त्या अवधीत रेई आपले ऋण फेडतो, आणि शेवटची घटका आल्यावर एका झोपडीत शिरून दार लावून घेतो. जिच्यावर त्याचे प्रेम आहे त्या मामियाने आपले शरीर फुटताना पाहू नये, म्हणून. वाचकही दाराबाहेरच राहतो. रक्ताचा एकही थेंब न दाखवता मृत्यू किती जड करता येतो, हे या पानांवरून शिकवावे.

मग तक्रार काय? तक्रार हीच, की ही कला लेखक-चित्रकारांना येत होती आणि तरीही त्यांनी ती मोजक्या माणसांपुरती राखून ठेवली. मिसुमीला थडगे मिळते, रेईला दार मिळते, राओला तर आकाशाकडे मूठ उगारून उभ्यानेच मरण्याचे वैभव मिळते. उरलेल्या शेकडोंना काय मिळते? एक विचित्र चेहरा, एक विदूषकी किंकाळी आणि पुढची चौकट. त्यांच्या किंकाळ्यांचे निरर्थक उच्चार जपानी वाचक आजही लाडाने आठवतात. विनोदाच्या आठवणी आठवाव्यात तसे. रसशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर नायकांच्या मरणातून शोक उपजतो आणि तो करुणापर्यंत पोचतो. किरकोळांच्या मरणातून मात्र जुगुप्सा उपजते आणि ती बीभत्सापर्यंतही न पोचता वाटेतच हास्यात विरघळते. एकाच पुस्तकात मरणाचे दोन दर आहेत.

हे दर कथेच्या विश्वरचनेतच कोरलेले आहेत. सप्तर्षींशेजारी एक बारीक तारा आहे. तो ज्याला दिसतो त्याचा अंत जवळ आला, अशी या कथेतील समजूत. हा तारा म्हणजे आपली अरुंधती. आपल्याकडे समजूत नेमकी उलटी आहे : अरुंधती दिसेनाशी झाली की मरण जवळ आले म्हणतात. हा योगायोग गमतीचा खरा, पण मुद्दा वेगळा आहे. कथेत हा तारा दिसतो तो रेईला, मामियाला, तोकीला. म्हणजे नाव असलेल्यांना. मोटारसायकलवरून येणाऱ्या एकाही टोळीवाल्याला मरणापूर्वी आकाशाकडे पाहण्याची सवड मिळालेली आम्हाला आठवत नाही. त्यांच्या मृत्यूची नोंद आकाशात नाही. त्यांच्या मागे कोणी रडायला येत नाही. या जगात गुंडाला आई नसते.

येथे एक आक्षेप संभवतो आणि आमच्या वर्गांतले विद्यार्थी तो हटकून घेतात : ते दुष्ट आहेत, त्यांच्यासाठी का रडायचे? या आक्षेपाला भासाने फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. ‘ऊरुभंगा’त दुर्योधन हा दुर्योधनच आहे, द्रौपदीच्या विटंबनेचे त्याचे पाप भास धुऊन काढत नाही. परंतु मांड्या मोडून पडलेल्या त्या माणसाकडे आंधळा बाप येतो, आई येते, बायका येतात, आणि लहान मुलगा नेहमीप्रमाणे मांडीवर बसू पाहतो. त्या क्षणी न्याय-अन्यायाचा निवाडा बदलत नाही; मरणाऱ्याचे वजन मात्र बदलते. खलाला आई असणे ही खलाची तरफदारी नव्हे.

आक्षेपक आणखी एक पाऊल पुढे जाईल. दुर्योधन राजा होता, ही तर बिननावाची माणसे. प्रत्येकाची आई कोठून आणायची? याचे उत्तर महाभारताच्या स्त्रीपर्वात आहे. युद्ध संपल्यावर ज्यांचे आप्त आहेत त्यांचे अंत्यसंस्कार होतात. पण नाना देशांहून आलेले, ज्यांचे कोणीच नाही असे हजारो मृत रणांगणावर उरतात. युधिष्ठिर त्यांनाही यथाविधी अग्नी देववितो. महाकवीला त्यांची नावे द्यायची नव्हती, त्यांच्या कथा सांगायच्या नव्हत्या. त्यासाठी त्याने थोड्या ओळी खर्च केल्या, आणि तेवढ्याने अठरा दिवसांच्या संहाराची नैतिक पातळी बदलली. ‘गेन’च्या चित्रपटातही तेच आहे. स्फोटापूर्वी फुगा धरलेली एक मुलगी आणि तान्ह्याला कवटाळलेली एक आई क्षणभर दिसतात. पुढच्या क्षणी ती वितळतात. त्यांना नावे नाहीत. पण वितळण्याआधी ती जिवंत होती एवढे आपल्याला दाखवले गेले आहे. वजन यायला तेवढे पुरते.

साप्ताहिकाची गरज ही ‘होकुतो’ची आणखी एक सबब. ती खोटी नाही. ‘शोनेन जम्प’मध्ये वाचकांच्या मतपत्रिकांवर मालिकेचे आयुष्य ठरते. दर आठवड्याला मोजक्या पानांत मूठ चाललीच पाहिजे, आणि मूठ चालायची तर समोर कोणीतरी उभे पाहिजे. बिनचेहऱ्याचा गुंड हा या उत्पादनपद्धतीचा कच्चा माल आहे. परंतु ‘गेन’चा आरंभही याच साप्ताहिकात झाला होता, हे विसरता येत नाही. आणि मिसुमीची गोष्ट तर याच मालिकेच्या आरंभीची, जेव्हा मालिका तगेल की नाही हे ठरायचे होते. म्हणजे साचा आड येत होता असे नव्हे; साच्यातही वाट होती, ती पुढे सोडून देण्यात आली.

आता रूपांतरांकडे. तोएई ॲनिमेशनने केलेली दूरदर्शन मालिका फुजी वाहिनीवर ऑक्टोबर १९८४ पासून फेब्रुवारी १९८८ पर्यंत, दोन भागांत मिळून १५२ प्रकरणे चालली. घराघरांत दिसणाऱ्या पडद्यावर मूळ पाने जशीच्या तशी नेणे शक्यच नव्हते. म्हणून निर्मात्यांनी तोडगा काढला : फुटणारी शरीरे काळ्या छायाकृती बनली आणि रक्ताच्या जागी पांढरा झोत आला. रक्त मोजणाऱ्यांना हा सुधारणेचा मार्ग वाटेल. आमच्या मते मालिकेचे सर्वांत मोठे नैतिक नुकसान येथेच झाले.

मृत्यू झाकण्याला आमचा तत्त्वतः विरोध नाही. नाट्यशास्त्राने युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष दाखवू नये, प्रवेशकातून सूचित करावे, असे सांगितले. ग्रीक शोकान्तिकेत मृत्यू पडद्याआड होतो आणि दूत येऊन तो सांगतो. पण या दोन्ही परंपरांत झाकण्याची किंमत मोजलेली आहे. दूत येतो तेव्हा सगळे थांबते. ऐकणाऱ्याचा चेहरा दिसतो. जे डोळ्यांपासून काढून घेतले ते वाणीने दामदुपटीने परत केले जाते. रेईच्या दाराचे मर्मही तेच. दूरदर्शन मालिकेने शरीर काढून घेतले आणि बदल्यात काहीच दिले नाही. वेग तोच, संगीत तेच, मूठ तीच. वजा झाले ते फक्त मरणाऱ्याचे शरीर. मूळ पानावर बीभत्स का होईना, एक देह होता. त्याकडे पाहून शिसारी येणे शक्य होते, आणि शिसारी ही सहानुभूतीची पहिली, ओबडधोबड पायरी असू शकते. छायाकृतीकडे पाहून शिसारी येत नाही. काळा आकार फुटतो तेव्हा फटाका फुटल्यासारखे वाटते. मुलांना वाचवण्यासाठी केलेल्या उपायाने मुलांना नेमके हेच शिकवले, की माणूस फुटतो तेव्हा मागे काही उरत नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण येथे आठवणे अप्रस्तुत ठरू नये. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’च्या १९७० सालच्या प्रयोगात रमेच्या साडीवरील रक्ताच्या लाल डागाला परिनिरीक्षकांनी हरकत घेतली. डॉ. श्रीराम लागू यांनी डाग निळा केला आणि तो लाल समजावा अशी सूचना प्रेक्षकांना दिली. रंग बदलला, पण काय झाकले आहे ते झाकले नाही. त्यामुळे निळा डाग लालाहून बोचरा झाला. तोएईचा पांढरा झोत याच्या नेमका उलट आहे. तो काहीही समजून घ्यायला सांगत नाही. उलट काही समजण्यासारखे घडलेच नाही, असे सुचवतो.

त्यात भर पडली ती विस्ताराची आणि आवाजाची. आठवड्याला एक प्रकरण पुरवायचे म्हणून शिनच्या पर्वात मूळ कथेत नसलेले शत्रू घालून ते बावीस प्रकरणांपर्यंत ताणले गेले. म्हणजे मरण स्वस्त करणारे आणखी गुंड आले. ‘पुढील भागात’ सांगणारा आवाज शिगेरू चिबा या गुणी नटाचा. त्याच नटाने कित्येक गुंडांनाही आवाज दिला. त्याच्या मरणकिंकाळ्यांतील उत्स्फूर्त चाळे आणि दिवसेंदिवस बेभान होत गेलेले निवेदन हे मालिकेचे एक आकर्षण ठरले. नटाच्या कौशल्याबद्दल वाद नाही. पण जो आवाज मरतो तोच पुढच्या आठवड्याचे निमंत्रण देतो, या योजनेत मरण म्हणजे काय उरले याचा विचार करावा. मार्च १९८६ मधील चित्रपटात तोयो आशिदा यांनी रक्त परत आणले, तर घरी पाहण्याच्या आवृत्त्यांत तशी दृश्ये धूसर केलेली आढळतात. रक्त आले, गेले, पुसट झाले. वजनाचा प्रश्न कोणत्याही आवृत्तीने हाती घेतला नाही.

या विषमतेचा कळस पुढे पडद्याबाहेर झाला. १८ एप्रिल २००७ रोजी तोक्योतील एका बौद्ध मंदिरात राओची अंत्ययात्रा साजरी झाली. राओवरील नव्या चित्रपटमालिकेच्या प्रसिद्धीचा तो भाग होता. भिक्षूंनी विधी केले आणि हजारो चाहते श्रद्धांजलीला आले. काल्पनिक पात्रासाठी शोक करण्यात हास्यास्पद काही नाही. साहित्याचा सगळा व्यवहार त्यावरच चालतो. पण हा शोक कोणाच्या वाट्याला आला ते पाहा. ज्याने गावे टाचेखाली घातली त्या सम्राटाला मंदिर मिळाले. त्याच्या सैन्यातील सामान्य शिपायाच्या वाट्याला गेल्या काही वर्षांत एक स्वतंत्र मंगा आली, पण ती विनोदी. नोकरी म्हणून राओच्या सैन्यात शिरलेल्या किरकोळ माणसाची ती गोष्ट. त्याला अखेर दिवस मिळाला, पगार मिळाला, धास्ती मिळाली. शोक अजून मिळालेला नाही.

हा सारा खटाटोप एका मंगासाठी कशाला, असे कोणी विचारील. कारण हिंसा मोजण्याचे चुकीचे माप निरुपद्रवी नसते. ते ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत पोचते. डिसेंबर २०१२ मध्ये जपानमधील मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांना सूचना दिली की ‘हादाशी नो गेन’ मुलांना सहज हाती लागेल असे ठेवू नये. कारण, आशियातील युद्धात जपानी सैनिकांनी केलेल्या अत्याचारांची दृश्ये फार उग्र आहेत. नाकाझावांचे निधन झाले ते त्याच महिन्यात. टीका झाल्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये सूचना मागे घेतली गेली. २०२३ साली खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळाने आपल्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून ‘गेन’ वगळला. त्या वेळची कारणे वेगळी दिली गेली. मात्सुएतील घटना आमच्या मुद्द्याला थेट भिडते. उग्रतेच्या नावाखाली ज्या पानांवर बोट ठेवले गेले, ती मरणाऱ्याला वजन देणारी आणि मारणाऱ्याचा गणवेश ओळखू येईल अशी पाने होती. रक्त हेच माप हाती असले की असेच होते. वजनदार मृत्यू आक्षेपार्ह ठरतो, कारण तो सलतो. वजनहीन मृत्यू हसण्यावारी जातो आणि सुटतो.

‘होकुतो नो केन’वर बंदी घालावी असे आमचे म्हणणे नाही, ती वाचावी, आणि मिसुमीचे व रेईचे प्रकरण तर जरूर वाचावे. २०२३ मध्ये, चाळीस वर्षांच्या निमित्ताने, तिच्यावर नवी ॲनिमेशन मालिका जाहीर झाली. अशा प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर रक्त किती दाखवले ही चर्चा पुन्हा झडते. साहित्याच्या अध्यापकांनी निदान आपल्या वर्गात तरी ती बाजूला ठेवावी. विद्यार्थ्याला एकच काम द्यावे : कोणतेही एक प्रकरण घ्या, त्यात मेलेल्यांची यादी करा, आणि प्रत्येकापुढे लिहा की मरणापूर्वी हा मनुष्य जिवंत असल्याचे आपल्याला कोठे दाखवले गेले. ज्यांच्यापुढची जागा रिकामी राहील त्यांची संख्या मोजा. मोजायचेच असेल तर हे मोजावे. आणि ही यादी जपानी चित्रकथेपुरती ठेवू नये. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतील लढायांची पाने उघडून तेथेही करून पाहावी.